मूठभर मुरमुरे आणि जगाची भूक: लहान मुलांना कसं सांगायचं?

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात लिहून देतोय.

मी गोंदियाचा, म्हणजे धानाच्या जिल्ह्यातला. दिवाळीत घरी गेलो, तर रस्त्याने धानाचे कट्टे भरलेले ट्रॅक्टर चाललेले. ते बघून नऊ वर्षांच्या भाचीने विचारलं, "मामाजी, एवढा तांदूळ असून लोक उपाशी का राहतात?"

आपलं ठरलेलं उत्तर असतं, "ताटात टाकू नको, कुणाला तेवढंही मिळत नाही." पण आपलं ताट चाटूनपुसून खाल्ल्याने दुसऱ्याचं भरत नाही, हे पोरांनाही कळतं. म्हणून आम्ही एक खेळ खेळलो.

बारा मुलं, चोवीस मुठी मुरमुरे आणि बारा चिठ्ठ्या. तीन चिठ्ठ्यांवर ४, चारांवर २, चारांवर १ आणि एकीवर ०. वाटून झालं की विचारायचं, "मुरमुरे कमी होते का?" मुलं गुणाकार करतात: बारा दुणे चोवीस. प्रत्येकाला दोन मुठी सहज मिळाल्या असत्या. म्हणजे घोळ वाटपात आहे.

शून्याची एकच चिठ्ठी का? संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी लोक भुकेले होते. म्हणजे साधारण बारातला एक.

पुढचा प्रश्न येतोच: चिठ्ठ्या कोण लिहितं? इथे मी बंगालचा १९४३ चा दुष्काळ सांगितला. अमर्त्य सेन तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते, माझ्या भाचीएवढेच. त्यांनी १९८१ च्या पुस्तकात मांडलं, की धान्य अगदीच नव्हतं असं नाही. युद्धाच्या महागाईत भाव भडकले आणि मजुरांना ते विकत घेणं परवडेना. धान्य असणं वेगळं, ते मिळवता येणं वेगळं.

चिठ्ठ्या बदलताही येतात, बरं का. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश दिला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. रेशन ही कुणाची मेहेरबानी नाही, हे मुलांना आवर्जून सांगा.

आता माझी चूक. शून्याची चिठ्ठी ज्या पोराला आली, त्याने ती गुपचूप खिशात घातली. हसला नाही, भांडला नाही. नंतर कळलं, त्याची आई रोज धान कापायला जाते, आणि सुट्टीत शाळा बंद म्हणजे शाळेतलं जेवणही बंद. त्याच्यासाठी तो खेळ नव्हताच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळलो. यावेळी शून्य मी घेतलं. पोरांनी आपापसात हिशेब केला आणि सगळ्यांत आधी त्याच पोराने माझ्या हातावर मुरमुरे ठेवले.

तुम्ही खेळाल तेव्हा शून्य स्वतःकडे ठेवा. आणि शेवटी मुरमुरे सगळ्यांना पोटभर द्या.