तुमची वेबसाइट जास्त बोलते का?

देवगिरीच्या अंधारीतून गेलाय ना? पुढच्या वेळी मोबाइलचा टॉर्च बंद करून बघा. वळणं, अचानक पायाखाली येणाऱ्या पायऱ्या, वर वटवाघळांचा वास फुकट! आतली रचना शत्रूला कळूच द्यायची नाही, एवढी साधी आयडिया.

आता लॅपटॉपवर ऑफिसची वेबसाइट उघडा. एफ-१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये जाऊन पान रिफ्रेश करा आणि पहिल्या ओळीवर क्लिक करा. 'सर्व्हर'पुढे काय लिहिलंय? 'अपाची २.४.४९' असं काही दिसलं, तर तुमचा गड येणाऱ्या-जाणाऱ्याला कुलपाचं मॉडेल सांगतोय. तेही कुणी न विचारता!

हा आकडा उगाच नाही घेतला. २.४.४९ ही आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच तिच्यातलं भोक जगजाहीर झालं. सेटिंग ढिली असेल, तर पत्त्यात टिंबांची करामत करून सर्व्हरवरच्या भलत्याच फायली वाचता येत. घाईघाईत आलेली २.४.५० अपुरी पडली, मग काही दिवसांतच २.४.५१ काढावी लागली. 'शोडान' नावाचं सर्च इंजिन सर्व्हरच्या अशाच पाट्या गोळा करतं. तिथे आकडा टाकला, की सावजांची यादी तयार.

पाटी झाकणं सोपं आहे. अपाचीत 'सर्व्हरटोकन्स'ला 'प्रॉड' करायचं, एन्जिनएक्समध्ये 'सर्व्हर टोकन्स' ऑफ, पीएचपीत 'एक्स्पोज पीएचपी' ऑफ. होस्टिंगवाल्याला एक फोन केलात, तर चहा थंड व्हायच्या आत काम होतं.

मीही केलं होतं, आणि निवांत झोपलो. फॉर्मचं प्लगिन मात्र वर्षभर अपडेट केलं नाही. एका सोमवारी सकाळी साहेबांचा फोन आला, "अरे, आपण औषधं कधीपासून विकायला लागलो?" हल्ला करणारे बॉट पाट्या वाचत बसत नाहीत हो, दिसेल ते दार ढकलून बघतात. खुद्द अपाचीवाले त्यांच्या माहितीपत्रकात लिहितात, की ही ओळ बंद केल्याने सर्व्हर जराही जास्त सुरक्षित होत नाही. मला ते थोडं टोकाचं वाटतं. यादीतून नाव निघालं, तर निघू द्या की! पण १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने वेढा घातला, तेव्हा देवगिरीवर धान्य म्हणून चढवलेली पोती मिठाची निघाली, असं सांगतात. गड बेलाग होता, पण पोती कुणी उघडून बघितली नव्हती.

तेव्हा आज लंचनंतर एफ-१२ दाबाच. आकडा दिसला, तर झाकायच्या आधी तो कुठेतरी लिहून ठेवा आणि होस्टिंगवाल्याला विचारा, नवीन आवृत्ती कधी टाकताय?