फुलांचे रिंगण आणि प्लेगचा उंदीर

गेल्या दिवाळीत बेटम्यास आमच्या धाकट्या जाऊबाईंकडे मुक्काम होता. अंगणात पाच-सात मुली हातात हात गुंफून ‘रिंगा रिंगा रोझेस’ खेळत होत्या आणि शेवटी खिदळत धपकन खाली बसत होत्या. जाऊबाईंची नात धापा टाकीत माझ्याकडे आली. म्हणाली, “आजी, तुला ठाऊक आहे? हे गाणं प्लेगनं मेलेल्या माणसांचं आहे. आमच्या बाईंनीच सांगितलं.” तिच्यामागे उभ्या असलेल्या चिमुरडीचा चेहरा एवढासा झाला.

ही कथा आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. इ. स. १६६५ साली लंडनमध्ये प्लेगने हाहाकार उडविला. गुलाबांचे कडे म्हणजे अंगावरचे तांबडे चट्टे, खिशातली फुले म्हणजे दूषित हवेवरचा उतारा, शिंका म्हणजे रोगाचे लक्षण आणि खाली बसणे म्हणजे मरण! अर्थ इतका चपखल बसतो की, त्यामुळेच संशय यावा.

याच बेटम्यास भोजराजाचा इ. स. १०२० चा ताम्रपट सापडला आहे. तोही, आपणां मराठी माणसांना गंमत वाटेल, कोकणविजयाच्या प्रसंगी दिलेल्या दानाचा. ताम्रपटावर तिथी कोरलेली असते, गाण्यावर ती नसते. म्हणून छापील पुरावा पाहावा लागतो. केट ग्रीनवे या चित्रकर्तीच्या ‘मदर गूज’ या पुस्तकात हे गीत १८८१ साली आले. म्हणजे त्या साथीनंतर तब्बल २१६ वर्षांनी. सॅम्युअल पेपिसने साथीच्या दिवसांतली रोजनिशी बारकाईने लिहिली, पण तीत या गाण्याचा मागमूस नाही. प्लेगचा अर्थ रूढ झाला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर. बालगीतांचे साक्षेपी अभ्यासक आयोना व पीटर ओपी या दांपत्याला तो पटला नाही. कित्येक जुन्या पाठांत शिंका नाहीतच, आणि खाली बसणे म्हणजे केवळ लवून केलेले अभिवादन आहे. शिवाय शिंक हे काही गाठीच्या तापाचे लक्षण नव्हे.

नवल याचे वाटते की, लंडनचा प्लेग आपल्या मुलांना पाठ आहे आणि आपल्या घरांवरून गेलेला प्लेग त्यांच्या कानांवरही नाही. १८९६ मध्ये तो मुंबईत शिरला. पुढच्याच वर्षी पुण्यात रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. घरात उंदीर पडू लागले की, माणसे बिऱ्हाड उचलून माळावर झोपड्यांत राहायला जात. इंदूरही त्यातून सुटले नाही.

म्हणून मी नातीला इंदूरचीच हकीकत सांगितली. तुकोजीराव होळकरांच्या दरबाराने नगररचनेसाठी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडितास बोलाविले होते. त्याने १९१७ च्या दिवाळीत एक अजब मिरवणूक काढविली. जे रस्ते स्वच्छ होतील, त्यांवरून ती जायची! लोकांनी घरेदारे झाडली, कचऱ्याच्या गाड्या भरभरून बाहेर गेल्या. सफाई कामगार पांढरेशुभ्र कपडे घालून मानाने चालले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता आणि प्लेगचा एक भला थोरला उंदीरही. अखेरीस दोघांचेही दहन झाले.

“खरंच जाळला?” नातीने डोळे विस्फारून विचारले आणि उत्तराची वाट न पाहता ती अंगणात पळाली. थोड्या वेळाने पाहते तो रिंगण तेच, गाणे तेच. मात्र मधोमध ती मघाची चिमुरडी, ओढणीचे शेपूट लावून, उंदीर झाली होती.