वेखंड : गंध, गुण आणि विक्रेत्याचे कर्तव्य

जोयडा तालुक्यातील उळवी हे श्रीचन्नबसवेश्वरांच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेले क्षेत्र होय. माघी पौर्णिमेच्या सुमारास धारवाड-बेळगावकडील यात्रेकरू बैलगाड्या जुंपून, घनदाट अरण्य ओलांडीत तेथे जातात. मुसळधार पाऊस आणि ओढ्याकाठची पाणथळ जमीन हे या भागाचे वैशिष्ट्य. अशीच चिखलट जमीन मानवणारा एक जिन्नस आपल्या दुकानांतून पिढ्यान्‌पिढ्या विकला जात आहे. तो म्हणजे वेखंड. कानडीत त्यास बजे म्हणतात, तर संस्कृतात वचा किंवा उग्रगंधा. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील कोरटगेरे तालुक्यात त्याची लागवडही होते.

वेखंडाची पाने तलवारीसारखी लांब असतात. ज्यास आपण मूळ म्हणतो ते वस्तुतः आल्याप्रमाणे जमिनीत आडवे पसरणारे खोड होय. कंदमूळ आहारात वर्ज्य मानणाऱ्या आपल्या घरांतूनही बाह्योपचारासाठी ते ठेवलेले असते. न्हाऊ घातल्यावर बाळाच्या अंगास त्याची पूड लावावी, पोट फुगल्यास बेंबीभोवती लेप द्यावा, बाळंतिणीच्या खोलीत वावडिंगासह धुरी द्यावी, पोथ्यांत व लोकरी कपड्यांत तुकडे ठेवावेत, असा परिपाठ आहे. गुटीतही त्याचे एक-दोन वेढे उगाळीत असत. आयुर्वेदाने मात्र वचेस वामक, म्हणजे ओकारी आणणारे द्रव्यही म्हटले आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हा उग्र गंध येतो तो खोडातील उडनशील तेलामुळे. त्या तेलातील प्रमुख घटक बीटा-आसारोन होय. त्याच्या प्रत्येक रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे १६ व ऑक्सिजनचे ३ परमाणू असतात. लवंगेतील युजेनॉलचा तो भाऊबंदच. परंतु सर्व वेखंड सारखे नसते. अमेरिकेतील मूळच्या जातीत हे द्रव्य जवळजवळ नसते, युरोपीय जातीत थोडे असते, तर भारतीय मालाच्या तेलात ते बहुधा सत्तर टक्क्यांहूनही अधिक आढळते.

हाच भेद महत्त्वाचा ठरला. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जम्मूकडील वेखंडाचे तेल उंदरांस दीर्घकाळ खाऊ घातले असता त्यांच्या आतड्यांत गाठी झाल्या. १९६८ मध्ये अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड व त्याचे तेल घालण्यास बंदी केली. उंदरांवरील अनुभव माणसास जसाच्या तसा लागू होतो असे नव्हे. तथापि तो दुर्लक्षिण्याजोगाही नाही. आपल्या वैद्यकाने वचा पोटात देण्यापूर्वी गोमूत्र, मुंडीचा काढा इत्यादींत शिजवून तिचे शोधन सांगितले आहे. बाजारातील साधी पूड शोधित नसते. म्हणून वैद्याच्या सल्ल्यावाचून ती पोटात, विशेषतः तान्ह्या बाळाच्या पोटात, जाता कामा नये.

पोथीतील तुकड्याची उपयुक्तता मात्र शास्त्राने उलगडून दाखविली आहे. १९७७ साली जम्मू येथील संशोधकांनी दाखविले की याच तेलातील द्रव्याने कीटकांची प्रजननशक्ती नष्ट होते. पोथीस कसर लागू नये म्हणून वेखंड ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांचा अनुभव खोटा नव्हता.

आता खरेदीविषयी. चांगले वेखंड बाहेरून तपकिरी, आतून पांढुरके व सच्छिद्र असते; त्यावर गळून पडलेल्या पानांची वलये आणि तंतुमुळांचे ठिपके स्पष्ट दिसतात. निघंटूंत कुळिंजनासही वचेचाच एक भेद मानल्याने बाजारात नावांचा घोटाळा होतो. कुळिंजन लालसर, टणक असते व त्याचा वास आल्याकडे झुकतो. जुना, हलका पडलेला माल गंधहीन होतो. तो ताज्या मालात मिसळू नये.

गिऱ्हाईक पुडी मागते तेव्हा ती लावण्यासाठी की पोटात घेण्यासाठी, हे विचारण्यास क्षणभरच लागतो. पुडीवर ‘बाह्योपचारासाठी’ एवढा एकच शब्द छापल्यास खर्च वाढत नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत प्रतिरूपक-व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या नावाखाली तत्सदृश वस्तू विकणे, हा एक आहे. खरे वेखंड देणे हे झाले व्रताचे पालन. ते कशासाठी वापरावे व कशासाठी वापरू नये हे सांगणे, ही झाली जीवदया. आपल्या पेढीची प्रतिष्ठा या दोहोंवरच उभी आहे.