जखम भरायला आपल्याच रक्ताची मदत

डेंग्यूची साथ आली की गावात एकच विचारणा असते, "पेशी किती राहिल्या?" या पेशी म्हणजे प्लेटलेट. टाचणीच्या डोक्याएवढ्या रक्तातसुद्धा त्या दीड ते साडेचार लाख असतात. आपल्याला त्या आठवतात फक्त कमी झाल्यावर. आज आम्ही त्यांच्या दुसऱ्या कामाबद्दल सांगणार आहोत.

सोयाबीन कापताना बोटाला विळा लागतो, रक्त येतं आणि थोड्या वेळानं थांबतं. प्लेटलेट जखमेच्या तोंडाशी गोळा होऊन एकमेकींना चिकटतात आणि बूच बसवतात. पण त्यांचं काम तिथं संपत नाही. त्यांच्या पोटात बारीक दाणे असतात. त्यातून जी द्रव्यं बाहेर पडतात, ती दुरुस्ती करणाऱ्या पेशींना बोलावून आणतात. मग नव्या रक्तवाहिन्या फुटतात, नवं मांस धरतं.

डॉक्टरांनी विचार केला, या प्लेटलेट एकवटून जखमेवरच ठेवल्या तर? त्यासाठी रुग्णाच्याच हातातून रक्त घेतात, बहुधा दोन ते चार चमचे. त्याची नळी यंत्रात जोरात फिरवतात. डेअरीत दूध फिरवून मलई वेगळी काढतात ना, तसंच. जड तांबड्या पेशी तळाला बसतात, वर पिवळसर पाणी राहतं. त्यातला प्लेटलेटनं भरलेला भाग काढून घेतात. त्याला पीआरपी म्हणतात. १९९८ साली अमेरिकेतले डॉक्टर रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्यात हाड बसवताना तो वापरला, तेव्हा नवं हाड लवकर आणि दाट भरलेलं दिसलं.

दुसरा प्रकार पीआरएफ. यात रक्त न गोठण्याचं औषध घालत नाहीत. रक्त काढलं की लगेच फिरवतात, आणि फिरतानाच त्याची मऊ चकती तयार होते. २००१ साली फ्रान्समधले डॉक्टर शुक्रून यांनी ही पद्धत पुढे आणली. अक्कलदाढ काढल्यावर तिच्या खड्ड्यात ही चकती ठेवून टाके घालतात. मात्र मिश्री आणि तंबाखू चालूच ठेवली तर हिरडी भरायला उशीर होतो. तिथं चकती तरी काय करणार?

आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे तो साखरेच्या आजारातल्या पायाच्या जखमेचा. पायाला बधिरपणा असतो, काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते आणि शेवटी पाय कापायची वेळ येते. २०१६ साली कॉक्रेन या संस्थेनं १० अभ्यास एकत्र तपासले. पीआरपीनं मधुमेहाच्या पायाच्या जखमा भरायला मदत होऊ शकते, असं त्यात दिसलं. इतर जुनाट जखमांबद्दल मात्र खात्रीनं सांगण्याइतका पुरावा मिळाला नाही. म्हणून हे जोडीचं औषध समजा. साखर ताब्यात आणणं, जखमेतलं सडलेलं मांस काढणं आणि पायावर भार न देणं, हे आधी. ऐन सुगीत बाई पाय वर करून बसणार कशी? इथं गटाचा उपयोग आहे. चार जणींनी तिचं काम वाटून घेतलं तर तिचा पाय वाचू शकतो.

आता सावधगिरीचं. "तुमचंच रक्त आहे, धोका कसला?" असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलवू नका. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात परवाना नसलेल्या एका सौंदर्य केंद्रात चेहरा उजळण्यासाठी पीआरपीची इंजेक्शनं देत. तिथून महिलांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या सरकारी तपासात दिसलं. २०२४ साली त्या तपासाचा अहवाल प्रसिद्ध झाला. रक्ताच्या नळ्यांवर नावंही नव्हती. आपलं रक्त आपल्यालाच परत मिळालं का, आणि सुई कोरी होती का, यावर सगळं अवलंबून असतं. ब्यूटी पार्लरमध्ये हे कधीच करू नका.

डॉक्टरांना हे प्रश्न जरूर विचारा:

१. माझी जखम साध्या उपचारानं भरणार नाही का?
२. किती वेळा करावं लागेल आणि एकूण खर्च किती? लिहून द्याल का?
३. सुई आणि नळी माझ्यासमोर फोडणार का? नळीवर माझं नाव लिहिणार का?
४. फायदा झाला नाही तर पुढे काय?

प्लेटलेट कमी असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, जखमेत पू असेल किंवा कर्करोग झालेला असेल, तर ते आधीच सांगा.

खाजगीत पैसे भरण्याआधी सरकारी दवाखान्यात विचारा. नांदेडजवळ विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. दातांसाठी दोन्हीकडे दंत महाविद्यालयं आहेत. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत न्या, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

साधा टाका पडला असेल तर तो आपोआप भरतो, त्यासाठी कर्ज काढायची गरज नाही. पण साखर असलेल्या बाईच्या पायाला जखम झाली, तर हळद आणि पाल्यावर दिवस घालवू नका. जखम काळी पडली, वास आला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. येत्या बैठकीत साखर असलेल्या प्रत्येकीचे तळपाय एकदा उजेडात बघून घ्या.