पोटगीचा आकडा कुठून काढायचा?

नवरा महिन्याला किती कमावतो, हे बायकोला साधारण ठाऊक असतं. न्यायालयात मात्र ते कागदानिशी दाखवावं लागतं. पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातल्या पोटगीच्या दाव्यांत वकिलाचा कस लागतो तो इथेच.

पगाराची स्लिप पाहा. मूळ वेतन बेताचं. ओव्हरटाइम, हजेरी बोनस, इन्सेंटिव्ह वेगळे. समोर कपाती: प्रॉव्हिडंट फंड, व्यवसाय कर आणि पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता. दावा लागला की कधी कधी हा हप्ताच फुगतो आणि ‘हातात काही उरत नाही’ असं उत्तर येतं. सक्तीच्या कपाती न्यायालयं सहसा धरतात. स्वतः काढलेल्या कर्जाच्या आडून पोटगी टाळता येत नाही. म्हणून एका स्लिपवर न थांबता वर्षभराचा बँकेचा उतारा आणि फॉर्म १६ मागवावा.

कंत्राटी कामगाराचा कंत्राटदार बदलला की पगारातून पोटगी कापण्याचा आदेश जुन्याच पत्त्यावर पडून राहतो. अशा वेळी पीएफचं पासबुक कामी येतं. भरणा कोण करतं, ते त्यात दिसतं. चाकणकडे अडचण निराळी. सातबारा वडिलांच्या नावे आणि कामगारांना दिलेल्या खोल्यांचं भाडं रोखीत, मग मुलाचं उत्पन्न दाखवायचं कसं?

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या ‘रजनीश विरुद्ध नेहा’ खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर वाट काढली. दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर सांगायची. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. आधीच्या दाव्यात मिळालेली पोटगी लपवायची नाही, तिची वजावट होते.

बायको लातूर-बीडला माहेरी गेली असेल, तर ती तिथेही अर्ज करू शकते. मग प्रत्येक तारखेला नवऱ्याचा खाडा पडतो, हजेरी बोनस जातो. इथे समेटाची बोलणी लवकर सुरू करणं दोघांच्याही सोयीचं.

आदेश झाला, तरी वसुली उरतेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण तुरुंगात बसून देणं फिटत नाही, आणि नोकरी गेली तर पुढची पोटगीही अडते. दिवाणी न्यायालयाचा पोटगीचा हुकूमनामा असेल, तर पगाराचा एक तृतीयांश हिस्सा सोडून बाकीच्यावर जप्ती आणता येते. कलम १४४ च्या वसुलीचा अर्ज मात्र रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. ‘देईल हळूहळू’ म्हणत थांबलेल्या बाईला हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं.