‘द हॅझर्ड्स ऑफ लव्ह’वर समीक्षकांचं का जमलं नाही?

आज डिसेंबरिस्ट्स या अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या बँडचा २००९चा अल्बम. नाव आलं ॲन ब्रिग्ज या इंग्लिश लोकगायिकेच्या १९६४च्या छोट्या रेकॉर्डवरून. गंमत म्हणजे त्या रेकॉर्डवर या नावाचं गाणंच नाही! म्हणून कॉलिन मेलॉयने ते लिहायला घेतलं, आणि झाली १७ ट्रॅकची सलग गोष्ट: रूप बदलणारा प्रियकर, त्याची मत्सरी आई म्हणजे वनराणी, पोटची पोरं मारणारा बाप, मग त्याच पोरांची भुतं.

समीक्षकांत दोन तट पडले. काहींना ही हिंमत आवडली. शारा वर्डनने गायलेल्या राणीचं अनेकांनी कौतुक केलं. इतरांना कथानक क्लिष्ट वाटलं, मेटलसारखी जड गिटार उगाच वाटली. मला विचाराल तर तक्रार करणारे सुटी गाणी शोधत होते. ‘द रेक्स साँग’ सोडलं तर इथे तसं फारसं काही नाहीच. नाटकाचा तिसराच अंक बघून कसं चालेल? मधे थोडं रेंगाळतं, ते मान्य.

पुढचा ‘द किंग इज डेड’ (२०११) मात्र साध्या, सुट्या गाण्यांचा. तो अमेरिकेत थेट पहिल्या नंबरवर गेला.