खिलारांचे गाव : सांगोला

सोलापूरहून मंगळवेढ्याच्या रस्त्याने पश्चिमेकडे निघाले की सुमारे ८५ किलोमीटरवर सांगोला लागते. हे तालुक्याचे गाव आहे. पंढरपूर येथून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. सांगोल्याचे नाव दूरदूरच्या शेतकऱ्यांना माहीत आहे ते येथील जनावरांच्या बाजारामुळे. हा बाजार दर रविवारी भरतो.

याच गावी जनावरांचा एवढा मोठा बाजार का भरतो? याचे उत्तर येथील जमिनीत आहे. सांगोला हा माणदेशाचा भाग आहे. माण नदी सातारा जिल्ह्यात उगम पावते आणि आटपाडी, सांगोला, मंगळवेढा या भागांतून वाहत जाऊन भीमेला मिळते. पावसाचे ढग सह्याद्रीवर रिकामे होतात. पुढे या भागात थोडाच पाऊस पोहोचतो. पाऊस कमी म्हणून पीक बेभरवशाचे. मग नुसत्या शेतीवर घर कसे चालणार? म्हणून येथील लोकांनी गाई, बैल, शेळ्या आणि मेंढ्या पाळल्या. पीक बुडाले तरी एक खोंड किंवा चार शेळ्या विकून वर्ष निभावता येते. येथील माणसाची बँक त्याच्या दावणीला बांधलेली असते, असे म्हटले तर चूक होणार नाही.

या भागाची शान म्हणजे खिलार बैल. 'खिल्लार' म्हणजे गुरांचा कळप. त्यावरूनच या जातीला नाव मिळाले. खिलार बैलाचा रंग पांढरा किंवा राखी असतो. अंग घट्ट, पाय काटक आणि शिंगे लांब, मागे वळून वर गेलेली असतात. कडक ऊन, कोरडा चारा आणि लांबची चाल हा बैल सहन करतो. ओढण्याची ताकद आणि चपळाई हे दोन्ही गुण त्याच्यात आहेत. सांगोल्याशेजारच्या आटपाडी आणि म्हसवड या भागांतील खिलारही नावाजलेले आहेत.

सांगोल्याला इतिहासही आहे. येथे एक भुईकोट किल्ला होता. तो विजापूरच्या बादशहाने बांधला, असे सांगतात. किल्ल्याभोवती गाव वाढले आणि इतके भरभराटीला आले, की लोक त्याला 'सोन्याचे सांगोले' म्हणू लागले. १७५० मध्ये छत्रपती रामराजे आणि पेशवे यांच्यात येथेच करार झाला. त्यानंतर मराठी राज्याचा कारभार पेशव्यांच्या हाती गेला. पुढे १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेने हे गाव लुटले. गावाचे सोने गेले, पण बाजार टिकला. १८५५ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली.

आता आपण बाजारात जाऊ. रविवारी सकाळीच टेम्पो आणि ट्रक भरभरून जनावरे येऊ लागतात. एकीकडे बैल आणि खोंड, दुसरीकडे गाई-म्हशी, तिसरीकडे शेळ्या-मेंढ्या. बाजाराची व्यवस्था कृषी उत्पन्न बाजार समिती पाहते. जवळच वेसणी, कासरे, म्होरक्या, घुंगरमाळा आणि रंगीत गोंडे विकायला मांडलेले असतात.

बैल घेणारा शेतकरी घाई करत नाही. आधी तो बैलाला चालवून पाहतो. मग खूर पाहतो, खांदा चाचपतो आणि शेवटी तोंड उघडून दात मोजतो. दातांवरून वय कसे कळते? बैलाला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात. ते आठ असतात. दुधाचे दात पडून पक्के दात जोडीजोडीने येतात. ज्याचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत, तो 'आदत'. सुमारे दोन-अडीच वर्षांनी पहिली जोडी येते, तो 'दोनदाती'. पुढे 'चौदाती' आणि 'सहादाती'. आठही दात आले की बैल 'जुळला' असे म्हणतात. बैल आपले वय बोलून सांगत नाही, पण ते लपवूही शकत नाही!

मग भाव ठरतो. जुन्या पद्धतीत दोघे जण एका रुमालाखाली हात घालतात आणि बोटे दाबून आकडा सांगतात. भोवती माणसे उभी असतात, पण कोणालाच भाव कळत नाही. सौदा जमला की पावती होते. आता जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्लाही असतो.

मित्रांनो, बाजारातील काही शब्द पुन्हा वाचा : बाजार, दलाल, सौदा, रुमाल, मालक, किंमत. हे सगळे तुम्हांला उर्दूतून आधीच माहीत आहेत. ते फारसी आणि अरबी भाषांतून आले आणि मराठीत घरचे झाले. व्यवहारासाठी माणसे एकत्र आली की भाषाही एकमेकींच्या जवळ येतात.

परंतु आज खिलारापुढे अडचणी आहेत. ट्रॅक्टर आल्यामुळे नांगराला बैल कमी लागतात. खिलार गाय दूध थोडे देते. संकरित गाय पुष्कळ देते. म्हणून अनेकांनी दावणीची खिलार गाय काढून संकरित गाय बांधली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा शर्यतीच्या खोंडांची मागणी घटली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह शर्यतींना परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये न्यायालयाने ती कायम ठेवली. २०२२ मध्ये लंपी या रोगाच्या साथीत जनावरांचे बाजार काही काळ बंद ठेवावे लागले. दुष्काळ पडला की चाऱ्याचा प्रश्न असतोच. अशा वर्षी चारा छावण्या उघडाव्या लागतात आणि घरातील एखादे माणूस जनावरांसोबत छावणीतच मुक्काम करते.

या गावाने नवे मार्गही शोधले. कमी पाण्यात येणारे डाळिंब (म्हणजेच अनार) येथील खडकाळ माळावर छान येते. ठिबक सिंचनाने बागा वाढल्या. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहूनच पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली. पण तेल्या रोग आणि खोडकिडा यांनी अनेक बागा उद्ध्वस्त केल्या. बाग जळाली, की शेतकरी पुन्हा आपल्या दावणीकडे वळतो.

सांगोल्याला जायचे असेल तर रविवारी जावे. बाजार पाहावा. मेंढीच्या लोकरीची काळी घोंगडी हातात घेऊन पाहावी. येथे घोंगड्या विणण्याचा व्यवसाय जुना आहे. माघ महिन्यात अंबिका देवीची यात्रा असते. तेव्हाही खिलार जनावरे येतात. या गावाने गणपतराव देशमुख यांना अकरा वेळा विधानसभेवर निवडून दिले. त्यांचे २०२१ मध्ये निधन झाले. आमदार असूनही एसटीने प्रवास करणारे म्हणून लोक त्यांची आठवण काढतात.

यंत्र बिघडले तर नवे विकत घेता येते. जनावराची जात एकदा नाहीशी झाली तर ती कोणत्याही दुकानात मिळत नाही. आज खिलार टिकून आहे, तो दावणीला एक-दोन गाई बांधणाऱ्या लहान शेतकऱ्यांमुळे. कोरड्या जमिनीवर शेकडो वर्षांच्या निवडीतून त्यांनी ही जात घडवली. ती सांभाळणे हे त्यांचे एकट्याचे काम नव्हे.

शब्दार्थ
बेभरवशाचे : ज्यावर विश्वास ठेवता येत नाही असे
दावण : जनावरे ओळीने बांधण्याची जागा
खोंड : तरुण नर, अजून कामाला न जुंपलेला
काटक : कष्ट सहन करणारा
कासरा : जनावर बांधण्याची लांब दोरी

स्वाध्याय
१. माणदेशातील लोक जनावरे का पाळू लागले?
२. दातांवरून बैलाचे वय कसे ओळखतात?
३. 'गावाचे सोने गेले, पण बाजार टिकला' या वाक्याचा अर्थ सांगा.
४. खिलार गाई कमी का झाल्या? दोन कारणे लिहा.
५. मराठीत आणि उर्दूत सारखे असलेले आणखी दहा शब्द शोधून लिहा.